सुपडूचं यमक

१

नवापूरच्या शाळेतून ब्राह्मणपुरीला यांची बदली झाली, तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. साल पस्तीस. नंदुरबारला आगगाडीतून उतरलो, तिथून बैलगाडीनं प्रकाशापर्यंत, नावेतून तापी ओलांडली आणि पुन्हा बैलगाडी. गावात पोचलो तेव्हा माझ्या केसांत, दातांत, सगळीकडे धूळ होती.

गावानं आमची सोय भिकुबाईंच्या घरात केली होती. भिकुबाई पन्नाशीकडे झुकलेल्या, विधवा, घरात एकट्या. लहानथोर सगळे त्यांना मोठी माय म्हणत. मागच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या. पुढची एकच मोठी खोली त्यांनी स्वतःला ठेवली होती. जाणंयेणं मात्र सगळं आमच्या स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं. पुढचं दार फुगलंय, उघडत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, “तुन्हा घरवालानं नाव काय शे?”

नवऱ्याचं नाव सरळ सांगायची सवय कोणाला होती? मागून यांनीच हसत हसत सांगितलं, पितांबर. मोठ्या मायनं डोळे मिटले, पाचसहा श्वास गेले असतील, आणि मला म्हणायला लावलं:

‘गोमाईच्या पाण्यात वाकून बघतं अंबर,
पोरांना धडे देतात आमचे पितांबर.’

गोमाई म्हणजे गावाशेजारून वाहणारी नदी. मी शब्द म्हणून पाहिले आणि चकितच झाले. पुढे कळलं की आसपासच्या दहा गावांतल्या मुली उखाण्यासाठी त्यांच्याकडे येतात. विधवा म्हणून त्यांना कोणाच्या मांडवात पाऊल टाकता येत नसे. त्यांचे शब्द मात्र प्रत्येक मांडवात असत.

त्यांचा नियम एकच होता. नाव ओळीच्या शेवटी आलं पाहिजे आणि त्याला वरच्या ओळीत जोड पाहिजे. ‘अमुकरावांचं नाव घेते तमक्याच्या दिवशी’ असं नाव मध्ये घालून पळून जाणाऱ्या मुलींना त्या परत पाठवत. त्यांना लिहिता येत नव्हतं. मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि त्या सांगतील ते उतरवून घेऊ लागले. महिन्याभरात वही अर्धी भरली.

२

दुपारी जेवणं झाली की मोठी माय पुढच्या खोलीत बंद दाराकडे तोंड करून बसायच्या. मांडीवर सूप, त्यात तुरीची डाळ. हे शाळेत असत. मी मागे आडवी होई.

एके दिवशी त्यांचं पुटपुटणं मला ऐकू आलं. एकेक शब्द टाकत होत्या, मध्ये थांबत होत्या. “रडू.” मग बराच वेळ काही नाही. “पडू.” पुन्हा थांबल्या. “कडू.”

कोणासाठी तरी जोड शोधताहेत, एवढंच मला वाटलं. कूस बदलताना मात्र जाणवलं की त्या थांबतात तेव्हा दुसरं कोणीतरी हलतं आहे. आवाज दाराच्या बाहेरून येत होता, ओट्यावरून. कोणाला फार वेळ उभं राहायला लागलं की तो या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तसा. आणि मोठी माय शब्द उच्चारत तेव्हा तो थांबे. कान देऊन ऐकावं तसा.

ढोर असेल, अंग घासत असेल, असं मी ठरवलं. तरी उठले, मागच्या दारानं घराला वळसा घालून पुढे गेले. ओट्यावर कोणी नव्हतं. गल्लीत ऊन होतं. समोरच्या घराच्या भिंतीला टेकून एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं डोळेही उघडले नाहीत.

ओटा शेणानं सारवलेला होता. मोठी माय दर शनिवारी स्वतः सारवायच्या. दारासमोर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, त्या सारवणात दोन खळगे होते. शेजारी शेजारी, लांबट, तळव्याएवढे. टाचेकडे खोल, बोटांकडे उथळ. बोटं दाराकडे.

संध्याकाळी यांना दाखवले. यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, जुना ओटा आहे, खाली माती बसली असेल. ते पटण्यासारखं होतं. शनिवारी मोठ्या मायनं दोन्ही खळगे मातीनं भरले, वरून हात फिरवून सपाट केले. मंगळवारी ते पुन्हा होते.

मी त्यांना काही विचारलं नाही. भरताना त्यांचा हात ज्या मायेनं फिरला होता, ते पाहून माझी जीभ उचलली नाही.

३

माघात कमल आली. गावातलीच, हिलाल पाटलांची मुलगी, दोन इयत्ता शिकलेली, बडबडी. तिचं लग्न शहाद्याकडे ठरलं होतं. मोठ्या नणंदेची ख्याती तिच्या कानावर आली होती. ती नणंद दारात आडवी उभी राहते, नाव शेवटी घेतल्याशिवाय नव्या नवरीला आत सोडत नाही, आणि चुकलं की वर्षभर हिणवते. कमलला शाळेच्या मराठीत ऐटबाज उखाणा हवा होता.

मी वही उघडली. मोठ्या मायनं नाव विचारलं. कमल लाजली, इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या कानात सांगितलं. मी मोठ्यानं म्हणाले, “सुपडू.”

मोठ्या मायच्या हातातलं सूप खाली आलं. डाळ सांडली नाही, इतकं हळू त्यांनी ते टेकवलं.

“त्या नावले मी जोड देत नही,” त्या म्हणाल्या. “दुसरी कोनले इचार.”

कमलला वाटलं थट्टा आहे. तिनं दोनदा विनवलं. मग तिचे डोळे भरून आले आणि ती निघून गेली. मोठी माय डाळ निवडत राहिल्या. त्यांचा अंगठा एकाच दाण्यावर पुन्हा पुन्हा फिरत होता.

४

त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांनी मला सांगितलं. त्या अहिराणीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते.

त्यांच्या नवऱ्याचं नाव सुपडू होतं. त्याच्या आधीचे भाऊ जगले नव्हते, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्याला सुपात घालून शेजारणीला दिला आणि परत मागून घेतला. मरणाला वाटावं, टाकलेलं पोर आहे. भिकूचंही तसंच. तीही भीक मागून आणलेली. लग्न ठरलं तेव्हा दोघांच्या आयांना नावं ऐकून हसू आलं होतं.

छपन्याच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या दुष्काळानंतर चारपाच वर्षांनी, वैशाखात लग्न झालं. वरात संध्याकाळच्या आत याच घराच्या पुढच्या दारात आली. नणंद, गंगीबाई, दारात आडवी झाली. नाव शेवटी घे, म्हणाली. भिकूला यमकांचा तेव्हाही नाद होता. मध्ये घालून घेतलं असतं तर चाललं असतं, पण तिला ते कमीपणाचं वाटलं. ती शोधू लागली. सुपडू. रडू, पडू, सडू, झडू, कडू, बुडू. जो शब्द येई तो अभद्र. लाडू म्हणावं तर सगळ्या हसतील. ती मान खाली घालून उभी राहिली. बायका खिदळत होत्या. नवरा शेजारी उभा, कपाळाला मुंडावळ्या, मनगटाला हळकुंड बांधलेलं. शेवटी तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला की तुझं होऊ दे सावकाश, मी बैलांना पाणी दाखवून येतो. तोवर सापडेल.

गोमाईत तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. इथलं आभाळ कोरडं होतं. वर सातपुड्यात, तोरणमाळाच्या अंगाला, दुपारी पाऊस कोसळला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. पाण्याचा लोंढा आला. बैल दुसऱ्या काठाला लागले. तो सापडला नाही. तापीच्या संगमापर्यंत आठ दिवस माणसं फिरली.

“मला मागच्या दारानं घरात घेतलं,” असं त्या म्हणाल्या. पुढच्या दारानं त्या या घरात कधी आल्याच नाहीत.

मी विचारलं, आणि बाहेर जे उभं असतं ते?

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. पहिल्या वर्षश्राद्धानंतर ऐकू येऊ लागलं, म्हणाल्या. नाव घेतल्याशिवाय त्याला आत येता येत नसावं. वाईट शब्दाला जोडून घेतलं तर तो उलटा फिरेल. चांगल्याला जोडून घेतलं तर आत येईल. पहिली काही वर्षं त्यांना भीती वाटायची की तो येईल. मग कधीतरी भीती वाटायला लागली की तो कंटाळून जाईल. म्हणून दुपारी दाराशी बसून शब्द शोधायचे. त्याला कळावं, मी शोधते आहे.

मी यांना त्यातलं काही सांगितलं नाही. एकटी बाई तीस वर्षं एका दुपारीत अडकली, तिचं मन असे आवाज करणारच, असं मी स्वतःला समजावलं. पण आवाज मीही ऐकला होता. माझं मन कशात अडकलं होतं?

५

कमल आठ दिवसांनी पुन्हा आली. नुसती येऊन बसली, काही मागितलं नाही. मोठ्या मायनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं तिच्या जागी त्यांना दुसरीच एक मुलगी दिसली असावी, मान खाली घालून दारात उभी असलेली. त्या मला म्हणाल्या, वही काढ.

कमलला घरी पाठवलं आणि आम्ही दोघी शोधायला बसलो. मी ‘डू’नं संपणारा सुचेल तो शब्द लिहून काढला. पान भरलं. झगडू, ओरडू, चिरडू, धडपडू. भांडण आणि दुखापत यांशिवाय त्या पानावर काही नव्हतं. मोठी माय हळू आवाजात नकार देत होत्या. दाराबाहेर पाय बदलत होता.

वाचून वाचून माझे डोळे शिणले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि वैतागून म्हणाले, “असा कसा एकही शब्द सापडू नये?”

बाहेरचा आवाज थांबला.

तो नेहमीसारखा थांबला नाही. आधी तो थांबे तेव्हाही कोणीतरी तिथे असल्याचं जाणवायचं. आता श्वास रोखावा तशी सगळी गल्ली गप्प झाली. चिमण्या, लांबवरची चक्की, काही नाही. दाराच्या लाकडावर, आमच्या डोक्याच्या उंचीवर, बाहेरून कोणीतरी तळहात टेकवला. ठोठावलं नाही. नुसता टेकवला.

मोठ्या मायनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

“सापडू,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. त्यांचा सगळा चेहरा हलला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांना का सुचला नव्हता, ते मला तेव्हाच कळलं. ज्याचा देह सापडला नाही, त्याच्या नावाला हा शब्द जोडायचा कोणी?

पण हातानं खूण करून त्यांनी मला लिहायला सांगितलं. हा कमलला दे, म्हणाल्या. तिच्या तोंडी तो शुभ होईल. आम्ही दोघींनी मिळून ओळी बसवल्या:

‘यात्रेच्या गर्दीत हरवलो तरी सापडू,
हात माझा सोडू नका, धनी माझे सुपडू.’

६

दुसऱ्या दिवशी मी कमलला वहीतलं पान दिलं. तिला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे पाठ करून टाकलं. दुपारी पुन्हा येते, मोठ्या मायला म्हणून दाखवते, असं सांगून गेली. ती रोजच्यासारखी मागून येईल असं मी धरून चालले होते.

तीनच्या सुमाराला मी पुढच्या खोलीत मोठ्या मायजवळ बसले होते. बाहेर पैंजण वाजले. ते सरळ ओट्यावर चढले.

“मोठी माय,” बाहेरून कमल हसत म्हणाली. तिला खऱ्या दाराशी सराव करायचा होता. मास्तरीणबाईंनी नणंद व्हावं आणि आतून अडवावं, असं तिचं म्हणणं.

ती कुठे उभी असेल ते मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. दारासमोर पाय ठेवायला तेवढीच सोयीची जागा होती.

तिनं घसा साफ केला आणि पहिली ओळ म्हटली. यात्रेच्या गर्दीत हरवलो तरी सापडू. नाव घेण्याआधी मुली थांबतात तशी ती थांबली. त्या थांबण्यात आणखी एकानं घसा साफ केला. पुरुषाचा आवाज होता, अगदी हलका, संकोचानं केल्यासारखा.

कमलचा आवाज बदलला. “मोठी माय, मन्हा मांगे कोन शे?”

“मांगे देखू नको, बेटा. उगी ऱ्हाय.”

मोठी माय उठल्या. मला वाटलं त्या घाबरून मागे जातील. त्यांनी आधी पदर डोक्यावरून पुढे ओढला, नव्या नवरीसारखा, पार कपाळाखाली. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून उंबऱ्याशी ठेवला. दाराच्या आडण्यावर दोन्ही हात ठेवले. हळू आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण स्वच्छ त्या म्हणाल्या:

“एवढा दिन उभा ऱ्हायनात, आते दार उघडू,
पाय धुवाले पानी शे, घरमा या सुपडू.”

आडणा सरकला. दार फुगलेलं नव्हतं. ते सहज उघडलं.

पश्चिमेचं ऊन एकदम डोळ्यांत आलं. कमल धडपडत आत आली आणि मला बिलगली. तिची पाठ गार पडली होती. तिच्या खांद्यावरून मी पाहिलं. उन्हात काही धड दिसत नव्हतं. दिसला तो एक हात, चौकटीला धरलेला, आत यायच्या आधी आधार घ्यावा तसा. वीस वर्षांच्या पोराचा हात. मनगटावर हळकुंड बांधलेलं, आणि हळद अजून ओली.

मोठी माय वाट देण्यासाठी बाजूला सरल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं. आतून.

खोलीत नदीकाठच्या चिखलाचा वास आला आणि थोड्या वेळानं गेला. तांब्या रिकामा होता. जमीन कोरडी होती.

७

कमलनं काही पाहिलं नव्हतं. कोणीतरी फार जवळ उभं राहिलं होतं, पण दांडगाई करणारं वाटलं नाही, एवढंच ती म्हणाली. तिचं लग्न वैशाखात झालं. तिनं दारात उखाणा घेतला, नणंद निमूट बाजूला झाली, आणि तिचा सुपडू तिच्यासोबत घरात गेला. पुढच्या वर्षी ती कडेवर मुलगी घेऊन माहेरी आली तेव्हा चांगली भरली होती. तिच्यासाठी मी जी धास्ती घेतली होती, ती सगळी वाया गेली.

मोठ्या मायनं त्या दिवसानंतर एकही उखाणा रचला नाही. मुली येत, विनवत. “आते मन्हं व्हई गयं,” म्हणून त्या हसून परत पाठवत. पुढच्या खोलीचं आतलं दार दुपारी बंद असे. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. भीती होतीच. पण तेवढंच कारण नव्हतं.

मी यांना हाताबद्दल सांगितलं. यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि उन्हाबद्दल, डोळ्यांबद्दल बरंच काही समजावलं. सगळं खरं असेल. मीही पुष्कळदा तसंच मानते.

सदतीस साली आमची नंदुरबारला बदली झाली. गाडी दाराशी आली, सामान चढलं. हे गाडीवानाशी बोलत होते. मी निरोप घ्यायला आत गेले. हातात ओटीचा नारळ होता. विधवेची ओटी भरत नाहीत, पण मला तो त्यांनाच द्यायचा होता.

पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकलणार तोच आतून बोलणं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज, तरुण, जरासा अडखळणारा. तो काहीतरी म्हणत होता, चालीवर, एक ओळ. मग थांबला. नवऱ्यालाही बायकोचं नाव घ्यायला लावतात, तेव्हा तो असाच थांबतो. दुसऱ्या ओळीचे शब्द मला कळले नाहीत. शेवटचा तेवढा कळला. “भिकू.”

गावात त्यांना त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि मोठी माय हसल्या. मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहिले, तसं हसणं ऐकलं नव्हतं. तोंडावर पदर धरून हसतात तसं.

नारळ मी उंबऱ्याशी ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आले.

गाडी निघाली. गाव मागे पडल्यावर यांनी विचारलं, इतक्या लवकर कशी आलीस, निरोप घेतलास ना त्यांचा?

“नाही,” मी म्हणाले. “दोघं बोलत बसले होते. मध्ये कशाला जायचं?”